क्लबची समुद्रापर्यंतची राइड: आखणी मागून करा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. क्लबमधले अठरा जण, गावाकडच्या छोट्या रस्त्यांनी समुद्रापर्यंत जायचं नि त्याच दिवशी परत यायचं, एकूण ११० किलोमीटर, आणि निम्म्या लोकांनी आजवर पन्नासच्या वर कधी चालवलेली नाही. सगळे एकत्र कसे राहतील, काय वेग ठेवायचा, नि किती वाजता निघायचं. मी बरीच वर्षं अशा राइड लीड करतोय, काही छान झाल्या, काहींची पार वाट लागली, आणि वाट लागलेल्यांतूनच जास्त शिकलो, तर त्यातलं सांगतो.

पहिलं म्हणजे अशी राइड मागून आखायची. दोन्ही अर्थांनी मागून. वेळेची आखणी संध्याकाळपासून सकाळकडे करायची, आणि वेगाची आखणी सगळ्यात शेवटच्या माणसाकडून पुढे. बहुतेक क्लब उलटं करतात, सकाळी कधी निघायचं ते ठरवतात, पुढच्या तिघांना झेपेल तो वेग धरतात, आणि समुद्र दिसला की राइड संपली असं सगळ्यांना वाटतं. समुद्र म्हणजे फक्त अर्धं अंतर हो! आणि मेहनत मोजली तर अर्ध्याहून कमीच, कारण समुद्राची उंची शून्य. तुम्ही जिथून निघता ते ठिकाण शंभर-दोनशे मीटर उंचावर असलं तर जाताना एकंदरीत उतार आणि येताना तेवढाच चढ, तोही दमलेल्या पायांनी. जाताना पाय हलके वाटतात त्याचं श्रेय लोक स्वतःच्या फिटनेसला देतात, खरं काम उताराने केलेलं असतं.

आता वेळ. समजा सूर्यास्त साडेसहाला आहे, तर सगळे साडेपाचला घरी पाहिजेत, एक तास हातचा. परतीचे ५५ किलोमीटर थांबे धरून ताशी १३ ने पकडा, म्हणजे सव्वाचार तास, म्हणजे समुद्रावरून जास्तीत जास्त सव्वा वाजता निघायलाच हवं. तिथे एक तास थांबणार, म्हणजे सव्वाबाराला पोचायचं. जातानाचे ५५ ताशी १४ ने, चार तास. म्हणजे सव्वाआठ ही निघायची अगदी शेवटची वेळ झाली, त्यानंतर निघालात तर अंधारात येणार हे नक्की. मी तुमच्या जागी असतो तर सव्वासहाला निघालो असतो, सव्वादहाला समुद्र, सव्वाअकराला परत, साडेतीनला घरी, दोन तास हातात शिल्लक. आणि १३-१४ हा आकडा बघून हसू नका, सायकल चालत असताना तुमचा वेग १९-२० असतो ते खरं आहे, पण अठरा माणसांचा एक पाणी पिण्याचा थांबा पाच मिनिटांत कधीच उरकत नाही. एकाचं झालं की दुसऱ्याला आठवतं.

लवकर निघायचं दुसरं कारण वाऱ्याचं आहे, आणि माझ्या मते समुद्राच्या राइडमध्ये यापेक्षा महत्त्वाचं काहीच नाही, तरी लोक रस्ता चार चार वेळा बघतात आणि वारा एकदाही बघत नाहीत. शाळेत खारे वारे नि मतलई वारे शिकलो होतो ना, तेच. रात्री जमीन लवकर गार होते, समुद्र उबदार राहतो, म्हणून पहाटे वारा हलकासा जमिनीकडून समुद्राकडे असतो. दिवस वर आला की जमीन तापते, तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत घुसते. साधारण सकाळ सरता सरता खारे वारे सुरू होतात, दुपारी सगळ्यात जोरात असतात, सूर्यास्ताच्या आसपास पडतात, आणि किनाऱ्यापासून आत कितीतरी किलोमीटर, कधी तर वीस-तीसच्याही पुढे पोचतात. म्हणजे लवकर गेलात तर जाताना मतलई वारा पाठीला आणि येताना खारा वारा पाठीला. उशिरा निघालात तर जातानाच्या शेवटच्या वीस किलोमीटरला सगळा वारा तोंडावर, आणि संध्याकाळी परत येताना पाठीवर घ्यायला वारा शिल्लकच नाही. अर्थात हे स्वच्छ, तापलेल्या दिवसाचं झालं. ढगाळ हवा असली किंवा मोठा वारा एकाच दिशेने वाहत असला तर हा सगळा हिशोब मोडतो, त्यामुळे आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज तास-तासाचा बघा, दिशेसकट.

वारा किती फरक पाडतो ते बघा. तुम्ही २० ने चालवताय आणि समोरून १५ चा वारा आहे, म्हणजे अंगावर येणारी हवा ३५ ची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शांत हवेच्या तुलनेत तिपटीने. तोच वारा पाठीमागून असेल तर अंगावर हवा फक्त ५ ची, विरोध जवळपास नाहीच. म्हणून समोरचा वारा असताना "आपण २० ने जायचं ठरलं होतं" असं म्हणत मीटरकडे बघून चालवणारा लीडर मला नकोच असतो. १४ वर या, १२ वर या, काही बिघडत नाही. बोलता येतंय का हे बघायचं, मागचे लोक एकमेकांशी पूर्ण वाक्यात बोलत असतील तर वेग बरोबर, सगळे गप्प झाले की समजायचं की पुढे कोणीतरी जोर लावतोय.

इथेच ग्रुपचा फायदा कळतो. पुढच्याच्या मागे नीट राहिलात तर तुमची मेहनत ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश कमी होते, समोरच्या वाऱ्यात तर हा फरक नवख्यालाही लगेच जाणवतो. पण हे फुकट मिळत नाही, त्यासाठी सरळ रेषेत चालवता यायला हवं. टीव्हीवरच्या रेसमध्ये लोक वीत-दीड वितीवर चालवतात ते बघून कोणी तसं करू नये, नवीन लोकांनी किमान एका चाकाएवढं अंतर ठेवावं, म्हणजे ७० सेंटिमीटरच्या आसपास, आणि सवय नसेल तर त्याच्या दुप्पट. आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीच न्यायचं नाही. तो जरा सरकला आणि चाकं घासली तर पडतो तो मागचा, कारण मागच्याचं स्टिअरिंगच अडकतं, पुढच्याला फक्त धक्का जाणवतो. आणि नजर पुढच्याच्या चाकावर नको, त्याच्या खांद्यावरून पलीकडे, रस्त्यावर.

पुढे राहणाऱ्याने आळीपाळीने बदलायचं. शांत हवेत चार-पाच मिनिटं, समोरचा वारा असेल तर दोनच. ज्याच्यात दम जास्त आहे त्याने जास्त वेळ पुढे राहावं, जास्त वेगाने जाऊ नये, एवढं एक वाक्य तुमच्या क्लबमधल्या त्या दोन-तीन तगड्या मुलांना (असतातच, प्रत्येक क्लबात) राइडच्या आधी बाजूला घेऊन सांगा. सगळ्यांसमोर नका सांगू, वाईट वाटतं आणि मग मुद्दाम पळतात. बाजूला होताना ब्रेक मारायचा नाही, मागे बघायचं, हात करायचा, थोडं बाजूला सरकायचं आणि पायडलचा जोर कमी करत मागे घसरायचं. जे नवीन आहेत किंवा थकलेत त्यांनी पुढे यायची गरज नाही, त्यांची जागा मधे. शेवटी नको! शेवटी दमलेला माणूस ठेवणं ही मी बघितलेली सगळ्यात कॉमन चूक आहे.

का ते सांगतो. ग्रुप वळणावर आला की पुढचा वळतो आणि लगेच पूर्वीच्या वेगाने निघतो, तेव्हा दहावा माणूस अजून ब्रेक मारत असतो. तो वळेपर्यंत फट पडलेली असते, ती भरायला तो जोर मारतो, त्याच्या मागच्याला आणखी जास्त मारावा लागतो. शेवटचा माणूस दिवसभर प्रत्येक वळण, प्रत्येक खड्डा, प्रत्येक गतिरोधकानंतर छोटी रेस करत असतो, आणि पुढचा म्हणतो मी तर २० च्या वर गेलोच नाही. दोघंही खरं बोलत असतात. उपाय साधा आहे, वळण किंवा चढ संपल्यावर पुढच्याने वीस-तीस सेकंद जवळजवळ नुसते पाय फिरवायचे, मागून "आलो" असा आवाज आला की मग वेग घ्यायचा.

अठरा जणांचा एकच ग्रुप करू नका, हे माझं ठाम मत. हिशोब करा, सायकल पावणेदोन मीटर, मधे दीड मीटर, अठरा जण एकामागे एक म्हणजे ५७ मीटरची रांग झाली. अरुंद रस्त्यावर मागून आलेल्या गाडीला ही रांग ओलांडायला जागाच मिळत नाही, मग तो वैतागतो आणि समोरून कोणी येत असताना घुसतो. नऊ-नऊचे दोन ग्रुप करा, मधे पाच-सात मिनिटांचं अंतर, थांब्यांच्या जागा त्याच. दोघांनी शेजारी चालवायचं की नाही ते तुमच्याकडच्या नियमाप्रमाणे आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणे, पण "मागून गाडी" असा आवाज आला की सगळ्यांनी तो पुढे पोचवायचा, शेवटच्याने ओरडून पहिल्याला ऐकू जात नाही, वाऱ्यात तर नाहीच. आणि हे दोन ग्रुप "फास्ट" आणि "स्लो" असे करू नका, नाहीतर दुसऱ्या ग्रुपमध्ये सगळे नवीन आणि पंक्चर काढता येणारा एकही नाही असं होतं. मिसळून करा.

माणसं हरवू नयेत म्हणून काय करायचं. माझी एक गोष्ट सांगतो, सुरुवातीच्या काळातली. चौदा जण होतो, शेतांमधून जाणारा रस्ता, एके ठिकाणी फाटा, आम्ही पुढचे डावीकडे वळलो आणि गप्पा मारत गेलो. मागे दोघांची चेन उतरली होती, ते आले तेव्हा फाट्यावर कोणीच नाही, ते सरळ गेले. नऊ किलोमीटर. फोनला रेंज नव्हती. ते परत येईपर्यंत दीड तास गेला, आणि आम्ही समुद्रावर पोचलो तेव्हा उन्हाने सगळे वैतागलेले. चूक पूर्णपणे माझी, मी लीडर होतो.

तेव्हापासून मी मोडावर माणूस उभा करतो. पद्धत अशी की लीडर वळला की त्याच्या लगेच मागे जो असेल तो त्या फाट्यावर थांबतो, सुरक्षित बाजूला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवतो. सगळ्यात शेवटी स्वीप येतो, म्हणजे कोणी मागे सुटू नये म्हणून मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहणारा, त्याच्याबरोबर हा उभा राहिलेला माणूस निघतो. पुढच्या फाट्यावर दुसरा. लीडर नेहमी पहिला, स्वीप नेहमी शेवटी, मधले सगळे बदलत राहतात. या पद्धतीत मॅप नसला तरी, फोन बंद पडला तरी कोणी चुकत नाही, आणि गंमत म्हणजे तगड्या मुलांना थांबून मग ग्रुप पकडायला मिळतो म्हणजे त्यांचीही हौस भागते. फक्त एक अट, उभा राहिलेला माणूस स्वीप दिसल्याशिवाय हलणार नाही, कितीही वेळ लागो. स्वीप कोण हे सगळ्यांना चेहऱ्याने माहीत पाहिजे, अंगावर वेगळ्या रंगाचं काहीतरी. स्वीप हा क्लबमधला सगळ्यात शांत डोक्याचा आणि पंक्चर चटकन काढणारा माणूस असावा. मला विचाराल तर लीडरपेक्षा स्वीप निवडताना जास्त विचार करा.

पंक्चरचं गणित लोकांना पटत नाही. समजा एका माणसाला एका दिवसात पंक्चर व्हायची शक्यता वीसात एक आहे, तर एकट्याने जाताना ती विसरून जाण्याएवढी. पण अठरा जणांत कोणाला ना कोणाला पंक्चर होण्याची शक्यता ६० टक्के होते. म्हणजे पंक्चर होणारच असं धरून चला आणि वेळेत वीस मिनिटं त्याची टाका. प्रत्येकाकडे स्वतःच्या मापाच्या दोन ट्यूब, टायर उचकटायचे लिव्हर आणि पंप. सात-आठ वेगवेगळ्या सायकली असतात, एकाची ट्यूब दुसऱ्याला बसत नाही, व्हॉल्व्हसुद्धा वेगळे असतात, पातळ प्रेस्टा आणि जाड श्रेडर, रिमचं भोक पातळ व्हॉल्व्हचं असेल तर जाड जातच नाही. नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, हळूच, काटा तिथेच बसलेला असतो आणि दुसरी ट्यूबही फोडतो, शेतातल्या रस्त्यांवर तर हमखास. टायर भरायला पंपाऐवजी गॅसचं छोटं सिलिंडर वापरलं तर लक्षात ठेवा, तो कार्बन डायऑक्साइड रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी टायर मऊ मिळतो, घरी जाऊन पंपाने परत भरा. ग्रुपमध्ये एक चेन तोडायचं टूल आणि चेनची जोड-कडी पुरे, पण ती कडी दहा, अकरा, बारा गिअरची वेगवेगळी असते, कोणाकडे काय आहे ते आधी विचारून घ्या. पंक्चर काढायला दोघं पुरे, बाकीच्यांनी रस्त्यावरून पूर्ण बाजूला, सावलीत. सोळा जण वाकून बघत बसले तर ट्यूब लवकर बदलत नाही.

ज्यांनी पन्नासच्या वर चालवलेली नाही त्यांच्याबद्दल. घाबरायचं कारण नाही, पण थेट ११० ला नेऊ नका. तीन-चार आठवडे आधी एक ७०-७५ ची राइड करा, त्यात पाय नाही तर सीट, हात आणि मान कुठे दुखते ते कळतं. सायकलिंगच्या गादीवाल्या शॉर्टच्या आत दुसरं काही घालू नका, त्या शिवणीच टोचतात. सीटची उंची अशी की पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. राइडच्या आदल्या दिवशी नवीन सीट, नवीन बूट असलं काही करू नका, त्याचा हिशोब ऐंशीव्या किलोमीटरला चुकवावा लागतो.

खाणं. शरीरात साठवलेली साखर जोराच्या मेहनतीला दीड-दोन तास पुरते, नंतर जे खाल त्यावर गाडी चालते. म्हणून भूक लागायची वाट बघायची नाही, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच थोडं खायचं आणि मग तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) पोटात जात राहतील असं बघायचं. एका मध्यम केळ्यात २५ च्या आसपास असतात, त्यावरून अंदाज घ्या. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, ऊन असेल तर जास्त, आणि घाम खूप येत असेल तर त्यात मीठही पाहिजे, नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि तेही धोक्याचं आहे. कोणी अचानक गप्प झाला, चिडचिडा झाला, रेषेत चालवेना झाला तर त्याला आधी काहीतरी गोड द्या, समजूत नंतर घाला.

समुद्रावर पोचल्यावर. इथे राइड बिघडते, खरंच. पोटभर जेवण, मग वाळूत आडवं, मग "अजून दहा मिनिटं". दीड तासाने उठलात की पाय लाकडासारखे, आणि समोर सगळा चढ. म्हणून एक तास, थोडंथोडं खाणं, सावली, आणि निघण्याआधी दहा मिनिटं चालणं. पाण्यात उतरायचं असेल तर उतरा, समुद्रापर्यंत येऊन पाय न भिजवता जाणं मलाही जमत नाही, पण त्याच ओल्या खाऱ्या शॉर्टवर परत ५५ किलोमीटर नको. पाणी वाळतं, मीठ राहतं, आणि ते मीठ नि वाळूचे कण मांडीत सँडपेपरसारखे घासतात. गोड्या पाण्याने धुवा, कोरडी शॉर्ट घाला. क्लिटवाले बूट (तळाच्या खाचेने पायडलमध्ये अडकणारे) घालून वाळूत चालू नका, खाचेत वाळू भरली की पाय पायडलमध्ये बसत नाही, किंवा बसला तर निघत नाही, जे जास्त वाईट. आणि फोटोसाठी सायकल पार लाटांत नेणारे असतात, त्यांना मी थांबवत नाही आता, दुसऱ्या आठवड्यात चेनचा आवाज ऐकून त्यांचं त्यांनाच कळतं. निघताना डोकी मोजा. मी तोंडाने मोजत नाही, प्रत्येकाला क्रमांक देतो आणि ते एक-दोन-तीन असं स्वतः म्हणतात, गॅप पडली की लगेच कळतं कोण नाही.

किनाऱ्याजवळ आडवा वारा असतो तिथे एक काळजी. झाडं, घरं, बांध असेपर्यंत आडोसा असतो आणि तो संपला की वारा एकदम बाजूने ढकलतो, उंच रिमच्या चाकांना तर जास्तच. हँडल घट्ट पकडून उपयोग नाही, कोपर ढिले ठेवा आणि पुढच्या माणसापासूनचं अंतर वाढवा. आडव्या वाऱ्यात आडोसा पुढच्याच्या बरोबर मागे नसतो, तिरका असतो, रेसवाले त्यासाठी तिरकी रांग करतात पण त्याला पूर्ण रस्ता लागतो, वाहतूक चालू असताना हे करायचं नाही.

बाकी हौस जुनीच आहे ही. फेब्रुवारी १८६९ मध्ये लंडनहून ब्रायटनच्या समुद्राकडे तिघे जण निघाले होते, लाकडी चाकांवर लोखंडी पट्ट्या असलेल्या सायकली घेऊन, डनलॉपचे हवेचे टायर यायला अजून १९ वर्षं होती. त्या सायकलींना लोक हाडं खिळखिळी करणाऱ्या म्हणायचे. तेव्हा २८ मिलिमीटर रुंद टायरमध्ये हवेचा दाब ७० पीएसआय की ८० यावर आपण जे तास-तास वाद घालतो त्याचं मला हसू येतं. (७०. जड माणसाने ८०. रस्ता खडबडीत असेल तर कमीच बरं.)

परत आल्यावर त्याच संध्याकाळी, कितीही कंटाळा आला तरी, सायकल गोड्या पाण्याने धुवा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे सायकल घरात कोरड्यात उभी असली तरी गंज आत चालूच राहतो. मी एकदा दोन दिवस तशीच ठेवली आणि चेन लाल झाली, फेकावी लागली. पाणी हलक्या धारेने, जोराच्या फवाऱ्याने नको, तो बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर काढून खारं पाणी आत ढकलतो. रिम ब्रेक असतील तर पॅड बघा, त्यात वाळूचे कण रुतलेले असतात ते टोकाने काढा, नाहीतर रिम कोरतात. फडक्याने पुसा, चेन पूर्ण वाळू द्या, मग तेल. ओल्या चेनवर तेल ओतलं तर पाणी आतच कोंडून राहतं.